जर्मनीतील रजा: दिवस कोणाचे, पैसे कोणाचे

जर्मनीतील नोकरदारांच्या रजांमध्ये दोन गोष्टी भारतीय नोकरदाराला बुचकळ्यात टाकतात. पहिली म्हणजे आजारपणाच्या रजेला तिथे शिल्लक नसते. वर्षाला सात, दहा किंवा बारा दिवस असा कोटाच कायद्यात नाही. दुसरी म्हणजे न घेतलेल्या वार्षिक रजेचे पैसे नोकरी चालू असताना मिळत नाहीत. किमान रजेच्या बाबतीत तर मालक खुशीने द्यायला तयार असला तरी तो व्यवहार कायद्याला मान्य नाही. वर्षानुवर्षे अर्जित रजा साठवून तिचे रोखीकरण करण्याची सवय असलेल्यांना दुसरी गोष्ट अन्यायाची वाटते, तर पहिली ऐकून प्रश्न पडतो, की मग लोक सारखे आजारी पडत नाहीत का?

या दोन्हींचा उलगडा एकाच ठिकाणी होतो. जर्मन व्यवस्थेत प्रत्येक गैरहजेरीला दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जातात: हे दिवस कशासाठी आहेत, आणि त्या दिवसांचे पैसे कोणी द्यायचे? विश्रांतीचे दिवस वेगळे, आजाराचे वेगळे, बाळंतपणाचे वेगळे. एका कारणाची रजा दुसऱ्या कारणासाठी खर्च होत नाही. पैसे देणाराही कारणाप्रमाणे बदलतो. कधी तो मालक असतो, कधी आरोग्य विम्याचा निधी, कधी सरकारी तिजोरी.

वार्षिक रजा: विश्रांती विकता येत नाही

पश्चिम जर्मनीत १९६३ साली केंद्रीय रजा कायदा झाला आणि आजही वार्षिक रजेचा पाया तोच आहे. त्यात किमान भरपगारी रजा २४ दिवसांची सांगितली आहे, पण हा आकडा सहा दिवसांच्या आठवड्याचा आहे. त्याचा खरा अर्थ चार आठवडे. म्हणून पाच दिवसांच्या आठवड्यात ती २० दिवसांची होते, आणि आठवड्यातून तीनच दिवस काम करणाऱ्याला १२ दिवस मिळतात. सगळ्यांच्या वाट्याला चार आठवडेच येतात. १९९५ पूर्वी हे किमान १८ दिवसांचे, म्हणजे तीन आठवड्यांचे होते. युरोपीय समुदायाने १९९३ मध्ये कामाच्या वेळेसंबंधी निर्देश काढून चार आठवड्यांची अट घातली, तेव्हा जर्मनीने ते वाढवले.

प्रत्यक्षात बहुतेक नोकरदारांना याहून जास्त रजा मिळते. कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना यांच्यात उद्योगवार करार होतात. धातू आणि विद्युत उद्योगाच्या करारात ३० दिवस आहेत, आणि इतर अनेक ठिकाणी २८ ते ३० दिवसांचा प्रघात आहे. तीव्र अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्याला कायद्यानेच आणखी एक आठवडा मिळतो.

नव्या नोकरीत पहिले सहा महिने पूर्ण झाले की पूर्ण वर्षाच्या रजेचा हक्क उभा राहतो. त्याआधी दर महिन्यामागे बारावा हिस्सा. तारखा ठरवताना मालकाने कर्मचाऱ्याची इच्छा विचारात घेतलीच पाहिजे. कामाची खरीखुरी निकड किंवा दुसऱ्या सहकाऱ्याची अधिक मोठी गरज, उदाहरणार्थ मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या, असेल तरच तो नकार देऊ शकतो. जिथे कर्मचाऱ्यांनी निवडलेले मंडळ असते, तिथे रजांचे नियोजन त्या मंडळाच्या संमतीविना ठरत नाही. वर्षातून एकदा तरी सलग दोन आठवडे रजा मिळावी, असेही कायदा सांगतो. दोन-दोन दिवसांच्या तुकड्यांनी माणसाचा थकवा जात नाही, हे त्यामागचे साधे कारण. रजेत दुसरीकडे पैशासाठी राबायलाही बंदी आहे.

रोखीकरणाला नकारही याच कारणाने आहे. रजा ही पगाराची पुरवणी मानली असती, तर ती पैशात बदलायला हरकत नव्हती. पण कायदा तिला आरोग्याचे साधन मानतो. रोखीकरणाची मुभा दिली, की ज्यांना पैशाची सर्वाधिक चणचण तेच सर्वात कमी विश्रांती घेतील, आणि हा धोका खरा आहे. नोकरी संपताना मात्र उरलेली रजा घेणे शक्यच नसते, म्हणून तेवढ्याच वेळी तिचे पैसे दिले जातात.

न घेतलेली रजा ३१ डिसेंबरला बुडते. काही सबळ कारण असेल तर ती पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत टिकते. अनेक वर्षे हा नियम कर्मचाऱ्यावर उलटत होता: कामाच्या रगाड्यात रजा राहून जाई आणि वर्ष संपताच हक्कही संपे. युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये यात मोठा बदल केला, आणि जर्मनीच्या केंद्रीय कामगार न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये तो लागू केला. आता मालकाने कर्मचाऱ्याला स्पष्ट कळवावे लागते, की तुमची इतकी रजा शिल्लक आहे, ती घ्या, नाहीतर बुडेल. तसे कळवले नसेल तर कायद्याने दिलेली रजा बुडत नाही. हक्क कागदावर असणे आणि तो वापरता येणे यांत फरक असतो. तो भरून काढण्याची जबाबदारी या निकालाने, ज्याच्या हाती कामाचे वाटप आहे त्याच्यावर टाकली, हे उचित झाले.

रजेत ताप आला तर

समजा एखादी कर्मचारी दोन आठवड्यांच्या रजेवर गेली आणि तिसऱ्या दिवशी तापाने अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी तिला चार दिवस कामासाठी अक्षम ठरवले, तर ते चार दिवस वार्षिक रजेतून वजा होत नाहीत. ते आजारपणात धरले जातात आणि रजेच्या खात्यात परत येतात. मात्र तिची रजा आपोआप चार दिवसांनी लांबत नाही. ठरलेल्या दिवशी कामावर यायचे, आणि परत आलेले दिवस नव्याने मागून घ्यायचे. विश्रांतीचे दिवस आजारात खर्ची पडू नयेत, हे तत्त्व इथे अगदी काटेकोरपणे पाळले जाते.

आजारपण: आधी सहा आठवडे, मग विमा

आजारी पडलेल्या कर्मचाऱ्याला मालक सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस, पूर्ण पगार देतो. ही मर्यादा वर्षाची नसून त्या आजाराची आहे. फेब्रुवारीत पाय मोडला आणि ऑक्टोबरमध्ये न्यूमोनिया झाला, तर दोन्ही वेळा सहा-सहा आठवड्यांचा हक्क नव्याने मिळतो. तोच आजार पुन्हा उलटला तर मात्र मध्ये सहा महिने त्या आजाराविना गेलेले असावे लागतात, किंवा पहिल्यांदा आजारी पडल्यापासून बारा महिने उलटलेले असावे लागतात. नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत मालकावर ही जबाबदारी नसते. त्या काळात विमा निधी भार उचलतो.

सहा आठवडे संपले की पैसे देणारा बदलतो. सार्वजनिक आरोग्य विम्याचे निधी जर्मनीत अनेक आहेत. देशातील दहापैकी जवळजवळ नऊ माणसे त्यांपैकी एखाद्याची सभासद असतात. या विम्याची मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के असून ती कर्मचारी आणि मालक निम्मी-निम्मी भरतात. वर प्रत्येक निधीची थोडी जादा वर्गणी असते. हा निधी मग ‘क्रांकनगेल्ड’ म्हणजे आजारभत्ता देतो. तो एकूण पगाराच्या ७० टक्के असतो, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांहून जास्त नसतो. एकूण पगार ३,००० युरो आणि हातात येणारा २,०५० युरो असेल, तर पहिल्या हिशेबाने २,१०० आणि दुसऱ्याने १,८४५ युरो येतात. यातील लहान रक्कम, म्हणजे १,८४५ युरो, धरली जाते आणि तिच्यातूनही निवृत्तिवेतनासारख्या वर्गण्या कापल्या जातात. एकाच आजारासाठी तीन वर्षांच्या काळात कमाल ७८ आठवड्यांची मर्यादा आहे. मालकाने पगार दिलेले पहिले सहा आठवडे त्यातच मोजले जातात.

आता लोक सारखे आजारी पडत नाहीत का, या प्रश्नाकडे. कोटा नसला तरी पडताळणी आहे. आजारी पडताच कंपनीला विनाविलंब कळवावे लागते. आजार तीन दिवसांहून जास्त लांबला तर चौथ्या दिवसापासून डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि मालकाला वाटल्यास तो पहिल्या दिवसापासूनही मागता येतो. पूर्वी हा पिवळा कागद टपालाने पाठवावा लागे. २०२३ च्या सुरुवातीपासून डॉक्टर दाखला संगणकावरून थेट विमा निधीकडे पाठवतात आणि कंपनी तो तिथून मागवून घेते. कंपनीला दिसते ते एवढेच: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कर्मचारी अक्षम आहे. आजार कोणता, हे तिला कळत नाही. शंका असेल तर विमा निधीच्या वैद्यकीय सेवेकडून तपासणी करवून घेता येते. राजीनामा देऊन नेमक्या नोटिशीच्या मुदतीपुरताच दाखला आणला, तर त्याच्यावर प्रश्नचिन्ह लागू शकते, असे केंद्रीय कामगार न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवले आहे.

बारा महिन्यांत सहा आठवड्यांहून अधिक आजारपण झालेल्या कर्मचाऱ्याला मालकाने बोलावून, काम कसे बदलले म्हणजे तो टिकेल, याची चर्चा देऊ करावी लागते. दीर्घ आजारानंतर एकदम आठ तास काम झेपत नाही. अशा वेळी दिवसाला दोन तास, मग चार, मग सहा असे टप्प्याटप्प्याने परतता येते. या काळात तो कायद्याच्या दृष्टीने आजारीच असतो आणि आजारभत्ता चालू राहतो.

हा हक्क कसा मिळाला

आजारभत्त्याचा उगम चान्सलर बिस्मार्कच्या काळातला आहे. १८८३ च्या आरोग्य विमा कायद्याने कामगाराला तिसऱ्या दिवसापासून निम्मी मजुरी, तीही कमाल १३ आठवडे, मिळू लागली. मालकाने पगार चालू ठेवण्याची सोय मात्र दीर्घकाळ कचेरीत बसणाऱ्यांपुरती होती. यंत्रावर राबणारा कामगार आजारी पडला, की त्याच्या घरातली आवक लगेच आटे, शेजारच्या इमारतीतल्या कारकुनाचा पगार मात्र चालू राही.

या भेदाविरुद्ध श्लेस्विग-होल्स्टाइन या उत्तरेकडील राज्यात जहाजबांधणी आणि धातू उद्योगातील कामगारांनी २४ ऑक्टोबर १९५६ रोजी संप पुकारला. कीलसारख्या बंदरांच्या शहरांतील गोद्या थंडावल्या. ऐन हिवाळ्यात, सोळा आठवडे हा संप चालला, आणि १९५७ च्या फेब्रुवारीत तो मिटला. त्याच वर्षी संसदेने कायदा करून विमा निधीच्या भत्त्यावर मालकाने भर घालावी, असे ठरवले. पुढे ही भर वाढत गेली, आणि १ जानेवारी १९७० पासून कामगार व कारकून दोघांनाही सहा आठवडे पूर्ण पगार मिळू लागला. १९९६ मध्ये हेल्मुट कोल यांच्या सरकारने तो ८० टक्क्यांवर आणला. संघटनांनी जोरदार विरोध केला, अनेक उद्योगांनी करार करून १०० टक्केच चालू ठेवले, आणि सत्ताबदलानंतर १ जानेवारी १९९९ पासून पूर्ण पगार परत आला.

बाळंतपण: लहान मालकाचे काय?

प्रसूतीच्या सहा आठवडे आधीपासून आठ आठवडे नंतरपर्यंत स्त्रीला संरक्षित रजा मिळते. जुळी मुले झाली किंवा मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, तर नंतरचे आठवडे बारा होतात. आधीच्या सहा आठवड्यांत तिची इच्छा असेल तर ती काम करू शकते. नंतरच्या आठवड्यांत तिने म्हटले तरी मालकाला तिला कामावर घेता येत नाही. गरोदरपणापासून प्रसूतीनंतर चार महिन्यांपर्यंत तिला कामावरून काढता येत नाही. १ जून २०२५ पासून तेराव्या आठवड्यापासून पुढे गर्भपात झालेल्या स्त्रियांनाही दोन ते आठ आठवड्यांचे संरक्षण मिळू लागले आहे. ते पूर्वी चोविसाव्या आठवड्याच्या आधी मिळतच नव्हते. ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

पैशाची रचना इथे बारकाईने पाहण्यासारखी आहे. विमा निधी दिवसाला कमाल १३ युरो देतो. हातात येणारा पगार दिवसाला ७० युरो पडत असेल, तर उरलेले ५७ युरो मालक देतो. स्त्रीचे नुकसान होत नाही. पण पाच माणसांच्या एखाद्या बेकरीच्या मालकाने हा भार का सोसावा? आणि सोसावा लागणार हे ठाऊक असेल, तर तो तरुण स्त्रीला नोकरी देईल का?

यासाठी जर्मनीत मालकांची मिळून एक भिशी आहे, असे म्हणता येईल. फरक इतकाच, की तिचा नंबर चिठ्ठीने न लागता गरजेने लागतो. प्रत्येक मालक आपल्याकडील पगाराचा लहानसा हिस्सा विमा निधीकडे जमा करतो. ज्याच्याकडे बाळंतपण असेल, त्याला त्याने दिलेले सारे पैसे परत मिळतात. ज्या कारखान्यात एकही स्त्री कामाला नाही, त्यालाही ही वर्गणी चुकत नाही. नियमाची खरी ताकद इथे आहे, कारण स्त्रीला नोकरी नाकारून मालकाचा एक छदामही वाचत नाही. ही सोय पूर्वी फक्त लहान मालकांना होती. त्यामुळे मोठ्या कंपन्यांना स्त्रिया महाग पडतात आणि भेदभावाला वाव मिळतो, असे घटना न्यायालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये सांगितले. त्यानंतर २००६ पासून सर्व मालक तिच्यात आले. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेबाहेरच्या नोकऱ्यांत तिचा पगार एकट्या मालकाच्या माथी आहे. त्या पार्श्वभूमीवर ही रचना विशेष लक्ष देण्याजोगी आहे.

आजारपणाच्या पगारासाठीही अशीच दुसरी वर्गणी आहे. ती साधारण ३० कर्मचाऱ्यांपर्यंतच्या मालकांसाठी असून तीत ४० ते ८० टक्के रक्कम परत मिळते.

चौकट: पैसे कोणाकडून?
वार्षिक रजा: मालक.
आजार, पहिले सहा आठवडे: मालक (लहान मालकाला काही भाग परत).
आजार, त्यानंतर: आरोग्य विमा निधी.
प्रसूती रजा: विमा निधी आणि मालक (मालकाचा वाटा सामाईक वर्गणीतून पूर्ण परत).
संगोपनाचा भत्ता: सरकारी तिजोरी.
मुलाचे आजारपण: आरोग्य विमा निधी.

मुलाचे संगोपन: आई आणि वडील

प्रसूती रजेनंतर पालकत्वाची रजा सुरू होते. आई आणि वडील दोघांनाही प्रत्येक मुलामागे स्वतंत्रपणे तीन वर्षांपर्यंत ती मिळते. त्यांतील २४ महिने मुलाच्या तिसऱ्या ते आठव्या वाढदिवसादरम्यानही घेता येतात. मूल शाळेत जाऊ लागते त्या वर्षासाठी अनेक पालक ते राखून ठेवतात. मालकाची परवानगी लागत नाही. मूल तीन वर्षांचे होण्याआधीच्या रजेसाठी सात आठवडे, नंतरच्या रजेसाठी तेरा आठवडे आधी कळवावे लागते. या काळात नोकरी सुरक्षित असते आणि आठवड्याला ३२ तासांपर्यंत कामही करता येते.

या रजेचा पगार मिळत नाही. मिळतो तो ‘एल्टर्नगेल्ड’ म्हणजे पालक भत्ता, आणि तो करांच्या पैशातून येतो. स्वीडनच्या धर्तीवर १ जानेवारी २००७ पासून तो सुरू झाला. आधीच्या निव्वळ उत्पन्नाच्या साधारण ६५ ते ६७ टक्के, कमी उत्पन्न असेल तर १०० टक्क्यांपर्यंत, पण किमान ३०० आणि कमाल १,८०० युरो दरमहा, असे त्याचे प्रमाण आहे. एका पालकाला तो कमाल बारा महिने मिळतो. दुसऱ्यानेही किमान दोन महिने घेतले, तर दोघांना मिळून चौदा महिने मिळतात. वडिलांनी घेतले नाहीत तर ते दोन महिने जातातच, आईला देता येत नाहीत. याच नियमाने वडिलांना पाळण्याजवळ आणले: २००६ मध्ये शंभरातले तीन-चार वडीलच संगोपनाचा भत्ता घेत, आता ४० हून अधिक घेतात. बहुतेक जण किमान दोनच महिने घेतात हेही खरे, आणि घरकामाची वाटणी अजून बरोबरीची झालेली नाही.

उणिवाही आहेत. ३०० आणि १,८०० युरो हे आकडे २००७ पासून तसेच आहेत, आणि महागाईने त्यांची किंमत बरीच खाल्ली आहे. दोघांचे मिळून करपात्र उत्पन्न १,७५,००० युरोंहून जास्त असेल तर १ एप्रिल २०२५ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलासाठी भत्ताच मिळत नाही. प्रसूतीनंतर लगेच वडिलांना वेगळी भरपगारी रजा देण्याची तरतूद अजूनही नाही.

मूल आजारी पडले तर बारा वर्षांखालील मुलामागे प्रत्येक पालकाला २०२४ पासून वर्षाला १५ कामाचे दिवस आणि एकट्या पालकाला ३० दिवस विमा निधीच्या भत्त्यावर मिळतात. घरातल्या वृद्धाला अचानक शुश्रूषेची गरज पडली, तर दहा दिवसांची तशीच सोय शुश्रूषा विम्यातून आहे.

सणांच्या सुट्ट्या

सार्वजनिक सुट्ट्या या सगळ्यांहून वेगळ्या मोजल्या जातात आणि त्या राज्यागणिक बदलतात. केंद्राच्या पातळीवर ठरलेली सुट्टी एकच: ३ ऑक्टोबर, जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस. बाकीच्या राज्ये ठरवतात. देशभर समान सुट्ट्या नऊच आहेत. कॅथलिक परंपरेच्या बव्हेरियात त्या तेरापर्यंत जातात, आणि ऑग्सबुर्ग शहरात ८ ऑगस्टच्या शांतता उत्सवामुळे आणखी एक वाढते. बर्लिनने २०१९ पासून ८ मार्चला सुट्टी दिली. सुट्टी रविवारी आली तर ती गेलीच, सोमवारी भरपाई नसते. गुरुवारी येणाऱ्या स्वर्गारोहण दिनानंतरचा शुक्रवार रजा टाकून चार दिवस सलग जोडण्याची रीत मात्र घरोघरी आहे, आणि त्यासाठीचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच कंपन्यांत येऊ लागतात.

बाहेरून आलेल्यांसाठी

जर्मन कंपनीत थेट नोकरीला लागलेल्या परदेशी कर्मचाऱ्याला वरचे बहुतेक सारे हक्क तसेच लागू होतात. उच्चशिक्षितांसाठी असलेले युरोपीय ‘निळे कार्ड’ ज्याच्याकडे आहे, त्याला पालक भत्ताही मिळतो. पुण्यातील कंपनीने काही काळासाठी म्युनिक किंवा श्टुटगार्टला पाठवलेल्यांची स्थिती वेगळी असते. किमान वार्षिक रजेचा जर्मन नियम त्यांनाही लागू होतो. मात्र भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू झाल्यामुळे त्यांची निवृत्तिवेतनाची वर्गणी ४८ महिन्यांपर्यंत भारतातच चालू राहू शकते. जर्मन आरोग्य विमा निधीचे सभासदत्व नसेल तर त्या निधीचा आजारभत्ताही त्यांना मिळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आपण कोणत्या देशाच्या विम्यात आहोत, हे करारपत्रात पाहून घ्यावे लागते.